सशासाठीं कोणतें काडतूस?

ज्या घरांत विळीपलीकडे दुसरें हत्यार नाहीं, त्या घराला काडतुसांची उठाठेव कशाला, असा प्रश्न आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार मना केलेली आहे, आणि बंदूक बाळगावयाची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना लागतो. तेव्हां आज मी जें सांगणार आहे, तें आपल्याकडील रानांत जाऊन करून पाहावयाचें कृत्य नव्हे. हा विषय मुख्यतः इंग्लंडांतील शेताचा आहे, आणि थोडासा ऑस्ट्रेलियाचा व अमेरिकेचा. तरीही तो आपण ऐकावा असें मला दोन कारणांसाठीं वाटतें. एक तर ह्या कामीं वापरलें जाणारें लहानसें काडतूस आपल्या ओळखीचें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर नेमबाजींत जगज्जेतेपद मिळविलें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्निल कुसाळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक आणलें, तें ह्याच जातीच्या काडतुसावर. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. जेथें प्राणी मारणें हें शेतकऱ्याचें कर्तव्यच होऊन बसलें आहे, तेथें तो मारतांना त्याचे हाल होऊं नयेत आणि शेजाऱ्याच्या जिवाला धोका पोंचूं नये, ह्या दोन गोष्टी पुष्कळ अंशीं काडतुसाच्या निवडीवर अवलंबून असतात.

प्रथम सशाविषयीं. मराठींत आपण एकच शब्द वापरतों, पण प्राणी दोन आहेत. आपल्या माळरानांत दिसणारा ससा हा इंग्रजींतील ‘हेअर’ होय. तो गवताच्या आडोशाला बसतो, बीळ करीत नाहीं. इंग्लंडांतील शेतकऱ्याचें नुकसान करणारा तो ‘रॅबिट’. तो जमीन पोखरून बिळांच्या वसाहती करतो आणि त्याची वीण मोठी असते. आपल्याकडे मुलें हौसेनें पाळतात तो पांढरा ससा ह्याच जातीचा. हा प्राणी मुळांत स्पेन-पोर्तुगालकडला. १८५९ सालीं टॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत शिकारीच्या हौसेखातर सुमारें दोन डझन ससे सोडले. पुढें त्यांच्या संततीनें एवढा धुमाकूळ घातला कीं, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला १९०१ ते १९०७ ह्या काळांत सशांना अडविण्यासाठीं तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचीं कुंपणें घालावीं लागलीं. इंग्लंडांत १९५४ च्या उपद्रवी प्राण्यांच्या कायद्यान्वयें, कांहीं थोडे अपवाद वगळतां, जमीन ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें आपल्या जमिनीवरील ससे आटोक्यांत ठेवावे, असें बंधन आहे. आणि नशिबाचा खेळ असा कीं, त्याच सशाच्या मूळ घरीं, स्पेन-पोर्तुगालमध्यें, रोगराईनें त्याची संख्या इतकी घटली कीं २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घातलें. जो एका देशांत उपद्रवी तोच दुसऱ्या देशांत दुर्मिळ. म्हणून त्याला मारणाऱ्यानें द्वेषानें मारूं नये, काम म्हणून आणि नीट मारावें, ही अपेक्षा गैर नाहीं.

ससे आटोक्यांत ठेवण्याचे मार्ग अनेक आहेत. कुंपण आहे, जाळें आहे, बिळांत सोडावयाचें फेरेट नांवाचें मुंगुसासारखें पाळीव जनावर आहे. ह्यांच्या जोडीला रायफल आहे. ह्या कामासाठीं जीं काडतुसें वापरतात त्यांना ‘रिमफायर’ म्हणतात. हा शब्द आधीं समजून घेऊं.

जुन्या ठासणीच्या बंदुकींत दारू वेगळी, गोळी वेगळी आणि ठिणगी पाडणारी टोपी वेगळी असे. पुढें दारू आणि गोळी कागदांत गुंडाळून एकत्र मिळूं लागली. १८५७ सालीं आपल्याकडे ज्या काडतुसांवरून आग भडकली तीं अशीं कागदाचींच होतीं. योगायोग असा कीं, त्याच १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन ह्या कंपनीनें एक लहानसें पिस्तूल बाजारांत आणलें, त्याचें काडतूस धातूचें होतें आणि दारू, गोळी व ठिणगी हीं तिन्ही त्यांत एकत्र बसविलेलीं होतीं. त्याच्याही आधीं, १८४५ च्या सुमारास, फ्रान्समधील फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें ठिणगीच्या टोपीवरच एक बारीक गोळी बसवून दिवाणखान्यांत नेमबाजी करण्याजोगें काडतूस काढलें होतें. त्याच कल्पनेचा हा विस्तार होय.

रिमफायर काडतुसाची रचना अशी. पितळेची एक बारीक नळकांडी घ्यावयाची. तिच्या बुडाला बाहेरच्या बाजूस एक घडी घातलेली असते, तीच ‘रिम’ म्हणजे कोर. ही कोर आंतून पोकळ असते. तिच्यांत स्फोटक लुकण घालून नळकांडी गरगर फिरवितात, म्हणजे तें लुकण घडीच्या पोकळींत सर्वत्र पसरतें. वर दारू भरावयाची आणि तोंडाशीं गोळी बसवावयाची. रायफलीचा चाप ओढला कीं आंतील खिळा त्या कोरेवर आदळतो, कोर चेपते, लुकण पेटतें, लुकणानें दारू पेटते. सैन्याच्या व मोठ्या शिकारीच्या काडतुसांत ठिणगीची टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसविलेली असते. येथें ती वेगळी नाहीं. म्हणून रिमफायर काडतूस स्वस्त पडतें. पण ह्याच रचनेंत त्याची मर्यादाही आहे. कोर खिळ्यानें चेपली जावी इतकी पातळ ठेवावी लागते, आणि पातळ कोर फार मोठा दाब सोसूं शकत नाहीं. त्यामुळें रिमफायर काडतूस हें जन्मतःच लहान शक्तीचें राहतें. शिवाय एकदां कोर चेपली कीं तें घरीं पुन्हां भरून वापरण्याची सोय नसते. सशासारख्या प्राण्याला मोठी शक्ती नकोच असते, म्हणून ही मर्यादा येथें गुण ठरते.

आज ह्या कामासाठीं मुख्यतः तीन काडतुसांमधून निवड करावयाची असते. पहिलें ‘.२२ लाँग रायफल’. .२२ म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकीं बावीस. हें काडतूस अमेरिकेंतील स्टीव्हन्स कंपनीनें १८८७ सालीं काढलें. पदकें मिळविणारें काडतूस तें हेंच. दुसरें ‘.२२ मॅग्नम’, विंचेस्टर कंपनीनें १९५९ सालीं काढलेलें, अधिक लांब आणि अधिक दारूचें. तिसरें ‘.१७ एच्. एम्. आर.’, होर्नाडी कंपनीनें २००२ सालीं काढलेलें. हें तिसरें म्हणजे मॅग्नमचेंच नळकांडें तोंडाशीं आवळून त्यांत अधिक बारीक गोळी बसविलेली. पहिल्याच्याच आकाराचें ‘.१७ मॅक-टू’ नांवाचें एक धाकटें भावंड २००४ सालीं आलें, पण त्याचा प्रसार इतर तिघांइतका झाला नाहीं.

गोळीचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. आपल्या सोनाराचा एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. त्या हिशेबानें .२२ ची ४० ग्रेनची गोळी अडीच माशांहून किंचित् जड असते, आणि .१७ ची १७ ग्रेनची गोळी म्हणजे एक मासा आणि वर एक गुंज. आतां वेग पाहा. .२२ लाँग रायफलीचें संथ काडतूस सेकंदाला सुमारें १,०५० फूट वेगानें गोळी फेंकतें आणि वेगवान काडतूस सुमारें १,२५० फूट. मॅग्नमची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारें १,९०० फूट वेगानें जाते. .१७ ची चिमुकली गोळी मात्र २,५५० फूट वेग गांठते. वजन निम्म्याहून कमी, पण वेग संथ गोळीच्या अडीचपट. शक्ती ही वजनाच्या प्रमाणांत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा शाळेंतील पदार्थविज्ञानाचा नियम आपणांस आठवत असेल. म्हणून .१७ ची ती मासाभर गोळी शंभर वारांवर पोंचते तेव्हां तिच्यांत उरलेली शक्ती ही .२२ ची वेगवान गोळी नळींतून बाहेर पडतांना तिच्या अंगीं असते तितकी असते.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग निवड कसली, .१७ च घ्यावें. परंतु शेतावरचा व्यवहार इतका सोपा नाहीं. चार गोष्टींचा विचार करावा लागतो: आवाज, गोळीचा मार्ग, वारा, आणि गोळी आदळल्यावर काय होतें तें.

आवाजापासून आरंभ करूं. हवेंत ध्वनीचा वेग साधारण उन्हाळी हवेंत सेकंदाला ११२५ फुटांच्या जवळपास असतो, आणि कडाक्याच्या थंडींत तो कांहींसा कमी होतो. गोळी ह्याहून वेगानें गेली म्हणजे ती हवा फाडीत जाते आणि चाबूक कडाडल्यासारखा आवाज होतो. हा आवाज दारूच्या स्फोटाहून निराळा. दारूचा आवाज नळीच्या टोंकाला मॉडरेटर नांवाची दुसरी जाड नळी लावून पुष्कळ दाबतां येतो. इंग्लंडांत तो सर्रास लावतात. पण हवा फाटण्याचा आवाज कशानेंही दाबतां येत नाहीं, कारण तो गोळीबरोबर सबंध मार्गभर चाललेला असतो. .२२ च्या संथ काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखालीं ठेवलेला असतो. मॉडरेटर लावून तें उडविलें तर फटका फारसा ऐकूं येत नाहीं. सांजवेळीं बांधावर चरणारे पांच-सहा ससे असले आणि एक पडला, तर बाकीचे कान टंवकारतात, पण नेहमींच पळून जात नाहींत. वस्तीजवळ, गोठ्याजवळ, घोड्यांच्या पागेजवळ हा गुण फार मोलाचा आहे. मॅग्नम आणि .१७ ह्या दोहोंना तो लाभलेला नाहीं.

दुसरी गोष्ट गोळीच्या मार्गाची. पुष्कळांची समजूत असते कीं गोळी सरळ रेषेंत जाते. वस्तुतः नळींतून सुटल्या क्षणापासून ती, हातांतून सुटलेल्या दगडाप्रमाणेंच, पृथ्वीकडे पडूं लागते. प्रश्न एवढाच कीं लक्ष्याला पोंचेपर्यंत तिला पडावयाला वेळ किती मिळतो. .२२ च्या संथ गोळीला शंभर वार जावयाला सुमारें तीन-दशांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ती नळीच्या रेषेखालीं जवळजवळ दीड फूट उतरते. .१७ ची गोळी तेंच अंतर त्याच्या निम्म्याहून कमी वेळांत तोडते आणि फक्त साडेतीन इंचांच्या आसपास उतरते. दुर्बीण बसवितांना नळीचें तोंड किंचित् वर ठेवून हा उतार भरून काढतात, पण तो एका ठराविक अंतरापुरताच भरून निघतो. संथ .२२ चा नेम पन्नास वारांवर जुळविला, तर शंभर वारांवर गोळी सुमारें सात इंच खालीं लागते. अंतराचा अंदाज दहा-पंधरा वारांनीं चुकला कीं डोक्यावर धरलेला नेम जबड्यावर किंवा छातीवर जातो. .१७ चा नेम शंभर वारांवर जुळविला तर पन्नास वारांवर ती गोळी जवळजवळ नेमक्याच जागीं लागते, आणि दीडशें वारांवर अडीच इंचांहून थोडीच अधिक उतरते. अंतराच्या अंदाजांतील चूक ही येथें बऱ्याच अंशीं पोटांत घातली जाते. म्हणूनच उघड्या माळावर, जेथें सशाच्या ऐंशी वारांच्या आंत जातां येत नाहीं, तेथें शेतकरी .१७ उचलतो.

तिसरी गोष्ट वारा. येथें लोकांची समजूत आणि वस्तुस्थिति ह्यांत मोठें अंतर आहे. हलकी गोळी वाऱ्यानें उडून जाईल आणि जड गोळी टिकेल, असें आपणांस सहज वाटतें. परंतु वारा गोळीला किती बाजूला नेतो हें केवळ वजनावर ठरत नाहीं. हवेच्या अडथळ्यामुळें गोळीला जो उशीर होतो, म्हणजे अडथळा नसता तर लागला असता त्याहून जो अधिक वेळ लागतो, त्या उशिरावर तें ठरतें. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा असतां शंभर वारांवर .२२ ची संथ गोळी सुमारें चार इंच सरकते आणि त्याच काडतुसाची वेगवान गोळी सुमारें पांच इंच. अधिक वेगाची गोळी अधिक सरकते हें ऐकून नवल वाटेल. कारण असें कीं, ध्वनीच्या वेगाजवळ येतांना हवेचा अडथळा एकदम वाढतो, आणि वेगवान गोळी आपला मिळविलेला जास्तीचा वेग तेथें झपाट्यानें गमावून बसते. मॅग्नमची बोथट गोळीही पांच-सहा इंच सरकते. .१७ ची टोंकदार गोळी मात्र तीन-चार इंचांवर राहते. मग .१७ वाऱ्याला हलकी अशी तिची अपकीर्ति कां? तर तिच्या सरळ मार्गाच्या भरवशावर लोक तिला दीडशें-दोनशें वारांवर वापरूं पाहतात, आणि दोनशें वारांवर तोच वारा तिला फूटभराहून अधिक लांब फेंकतो. दोष गोळीचा नसून तिच्यावर टाकलेल्या विश्वासाचा आहे.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची, ती गोळी आदळल्यानंतरची. .२२ ची गोळी मुख्यतः शिशाची असते. तिचें टोंक भरींव असेल तर ती सशाच्या अंगांतून आरपार निघून जाते, आणि जखम अरुंद राहिल्यामुळें प्राणी जिवंत बिळांत शिरूं शकतो. म्हणून शिकारीसाठीं टोंकाला खळगा असलेली गोळी वापरतात. ती आदळतांच पसरते आणि जागीं मृत्यू आणते. ही गोळी मांस फार नासवीत नाहीं. ज्याला ससा स्वयंपाकघरांत न्यावयाचा आहे त्याची पसंती तिलाच. .१७ ची गोळी तांब्याच्या पातळ कवचाची आणि प्लास्टिकच्या टोंकाची असते. ती आदळली कीं तिचे शेंकडों तुकडे होतात. डोक्यांत लागली तर मृत्यू तत्काळ येतो. धडांत लागली तर मांस खाण्यालायक राहत नाहीं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. .१७ ची गोळी जशी प्राण्यांत फुटते तशीच ती मातींत किंवा दगडावर आदळतांही बहुधा फुटून जाते. .२२ ची संथ, जड गोळी तशी फुटत नाहीं. कडक जमीन, गारगोटी, पाण्याचा पृष्ठभाग ह्यांवर ती उथळ कोनानें पडली तर मुलें तळ्यांत भाकरी फेंकतात तशी टप्पा घेऊन उसळते आणि गुणगुणत भलत्याच दिशेला जाते. ह्या काडतुसांच्या खोक्यांवर गोळीचा धोका मैलाहून अधिक अंतरापर्यंत असतो अशी सूचना छापलेली असते, ती कांहीं उगीच नव्हे. सर्वांत सौम्य, सर्वांत मुकें आणि सर्वांत स्वस्त असें हें काडतूस, टप्पा घेण्याच्या बाबतींत मात्र तिघांत सर्वांत अधिक सांभाळावें लागतें. नवशिक्याला हें उलटें वाटतें. लहान आवाज म्हणजे लहान धोका, असें त्याचें मन त्याला सांगतें.

ह्यावर उपाय एकच. सशाच्या मागें मऊ मातीचा उंचवटा, चढाव किंवा टेकाड दिसत असेल तरच चाप ओढावयाचा. क्षितिजावर बसलेला ससा कितीही जवळ असला तरी तो सोडून द्यावयाचा. त्याच्या मागें काय आहे हें दिसत नाहीं. कुंपणाआड काय आहे हें ठाऊक नसेल तर कुंपणाशीं बसलेला ससाही सोडावयाचा. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्याप्रमाणें रायफलीचें प्रमाणपत्र पोलिसांकडून मिळतें, त्यांत बंदूक कोणत्या व्यासाची आणि काडतुसें किती बाळगावयाचीं हें लिहिलेलें असतें, आणि ती कशासाठीं हवी ह्याचें सबळ कारण दाखवावें लागतें. परंतु कोणताही कागद त्या क्षणीं बोटाजवळ उभा राहून थांब म्हणत नाहीं. तें काम ज्याचें त्यानेंच करावें लागतें.

आतां निवडीचा गोषवारा सांगतों. गोठा, धान्याचें कोठार, बागेचा बांध, म्हणजे जेथें अंतर पन्नास-साठ वारांच्या आंत आहे आणि वस्ती जवळ आहे, तेथें .२२ चें संथ काडतूस, खळगा असलेल्या गोळीचें, आणि मागें माती नीट पाहून. उघड्या कुरणांत, जेथें सत्तर ते सव्वाशें वारांचें अंतर आहे, मांसाची फिकीर नाहीं किंवा नेम डोक्यावरच धरण्याची खात्री आहे, तेथें .१७. मॅग्नमची जागा ह्या दोहोंच्या मध्यें आणि किंचित् बाजूला आहे. त्याची जड गोळी सशाहून मोठ्या प्राण्याला, जसें कोंबड्यांच्या खुराड्याशीं जवळ आलेल्या कोल्ह्याला, .१७ पेक्षां अधिक खोल जाते. केवळ सशासाठीं मात्र तें गरजेहून अधिक आहे. .२२ च्या वेगवान काडतुसाला सावकाश विचार केला तर फारशी जागा उरत नाहीं: मुकेपणा गेला, वाऱ्यांत अधिक सरकलें, आणि पल्ला वाढला तो थोडाच. किंमतीचा प्रश्नही आहेच. मॅग्नम आणि .१७ हीं साध्या .२२ हून पुष्कळच महाग पडतात, आणि ज्याला काडतूस महाग पडतें तो सराव कमी करतो. सराव कमी म्हणजे जखमी ससे अधिक. म्हणून नव्या माणसानें .२२ पासूनच आरंभ करावा, ह्या जुन्या सल्ल्यांत काटकसरीइतकीच दयाही आहे.

एक धोक्याची सूचना येथें अवश्य द्यावयास हवी. .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम हीं दोन्ही नांवानें ‘.२२’ असलीं तरी एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. मॅग्नमचें काडतूस साध्या .२२ च्या बंदुकींत शिरतच नाहीं. परंतु साधें .२२ मॅग्नमच्या बंदुकींत शिरतें. तेथें तें सैल बसतें, उडवितांच त्याचें पितळ फाटतें आणि तापलेला वायू मागें माणसाच्या तोंडाकडे येऊं शकतो. ज्या घरांत दोन्ही बंदुका आहेत तेथें काडतुसांचीं खोकीं निरनिराळ्या जागीं आणि कुलुपांत ठेवावयाचीं, तीं ह्यासाठीं.

काडतुसाचा प्रकार ठरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. एकाच प्रकारचीं, पण निरनिराळ्या कंपन्यांचीं काडतुसें एकाच बंदुकींत निरनिराळीं वागतात. म्हणून जाणता शेतकरी चार-पांच कंपन्यांचीं खोकीं आणतो, भक्कम टेकू घेऊन प्रत्येकाच्या पांच-पांच गोळ्या कागदावर झाडतो आणि ज्यांचीं छिद्रें सर्वांत जवळजवळ पडतील तीं ठेवतो. मग तोच कागद दूरदूर नेऊन पाहतो. सशाच्या डोक्यांत जेथें गोळी लागली असतां तो जाणीव होण्यापूर्वींच मरतो, तो भाग रुपयाच्या नाण्याहून थोडाच मोठा आहे. शेतांत जसें बसावें किंवा लवंडावें लागतें तसें बसून, पांचही गोळ्या तेवढ्या वर्तुळांत ज्या अंतरापर्यंत पडतात, तें त्या माणसाचें अंतर. पुस्तकांत .१७ चा पल्ला दीडशें वार लिहिलेला असेल. कागदावर त्याच्या गोळ्या नव्वद वारांपलीकडे विखुरत असतील तर त्याचा पल्ला नव्वद वारच.

शेवटीं शिशाविषयीं दोन शब्द. हीं काडतुसें पूर्वापार शिशाच्या गोळ्यांचीं आहेत, आणि शिसें विषारी आहे. रानांत टाकून दिलेल्या मेलेल्या प्राण्यांच्या अंगांतील शिशाचे कण गिधाडांसारख्या पक्ष्यांच्या पोटांत जातात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत काँडोर नांवाच्या दुर्मिळ गिधाडाला ह्याचा मोठा फटका बसला, आणि तेथें १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीसाठीं शिशाची गोळी वापरण्यास बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण तांबें शिशाहून हलकें असल्यामुळें त्याच आकाराची गोळी वजनाला हलकी होते. तेव्हां कागदावरची परीक्षा पहिल्यापासून करावी लागते. स्वयंपाकघरांतही ही गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. जखमेभोवतींचें मांस सढळ हातानें कापून टाकावें, आणि लहान मुलांच्या ताटांत तें मुळींच जाऊं देऊं नये.

श्रोतेहो, एवढ्या विवेचनांत आपल्या ध्यानांत आलें असेल कीं, सर्वांत चांगलें काडतूस कोणतें ह्या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. अंतर किती, वारा केवढा, मागें माती आहे कीं घर आहे, मांस हवें आहे कीं नको, आणि हात किती स्थिर आहे, हीं पांच उत्तरें आधीं मिळालीं म्हणजे काडतुसाचें नांव आपोआप पुढें येतें. आणि ह्या पांचांपैकीं एकाचेंही उत्तर त्या क्षणीं ठाऊक नसेल, तर बंदुकींतील काडतूस बाहेर काढून खिशांत घालावें व घरीं परतावें. ससा उद्यां सायंकाळीं पुन्हां बांधावर येणारच आहे.